उजेडाच्या रेघेत ताल कुठे दिसतो?

ग्लोस्टिक नाचाचा कुठलाही फोटो बघा. काळोख, मधोमध एक धूसर माणूस आणि त्याच्याभोवती हिरव्या-गुलाबी रेघांचं भेंडोळं. फोटो देखणा असतो, लाइक्सही भरपूर मिळतात. माझी तक्रार एवढीच, की तो माणूस नाचतोय की डास हाकलतोय हे त्यावरून सांगता येत नाही. शटर दोन सेकंद उघडं ठेवलं की कुणाचाही हात सुंदर दिसतो.

आणि या नाचाबद्दलची आपली जवळजवळ सगळी समज याच फोटोंवर पोसलेली आहे. तो शिकणाऱ्यांचीसुद्धा. म्हणून मी हे भांडण मनावर घेतलंय.

मी शिकतो ते फ्रीहँड, म्हणजे दोरीशिवाय, हातात एकेक काडी धरून. काड्यांना दोरी बांधून फिरवायचाही प्रकार आहे, त्याचं नातं माओरी लोकांच्या पोईशी लागतं. दोरीवाल्याला वर्तुळ जवळपास फुकट मिळतं, एकदा गती दिली की बाकीचं भौतिकशास्त्र बघून घेतं. फ्रीहँडमध्ये ते मनगट, कोपर आणि खांदा यांनी मिळून काढायचं असतं, आणि या तिघांचं आपसात पटत नाही. मनगट ठरावीक ठिकाणी अडतं, कोपर बाहेर जातं, वर्तुळाचा बटाटा होतो.

सुरुवात बहुतेक सगळे आठच्या आकड्याने करतात. (आपला ८ इथे कामाचा नाही, तो एक वळण घेऊन सुटून जातो. इंग्रजी आठ आडवा पाडायचा.) आधी दोन्ही हात एकत्र, मग एकमेकांच्या उलट, मग एक हात दुसऱ्यापेक्षा अर्धी मात्रा मागे. या तिसऱ्या टप्प्यावर कित्येक जण गळतात, कारण तोवर हात आकार काढत होते आणि आता त्यांना ताल मोजावा लागतो. पुढे रेल्स येतात. दोन हातांमध्ये एक अदृश्य दांडा आहे असं धरून ते अंतर जराही न बदलता हलायचं. मग कंटूर, म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताची कड न शिवता गिरवायची. आणि आयसोलेशन, त्यात काडीचा मध्य हवेत खिळल्यासारखा स्थिर ठेवून हातच त्याच्याभोवती फिरवायचा.

ट्यूटोरियल व्हिडिओ हे सगळं नीट शिकवतात. पण एकेक मूव्ह सुटी करून शिकवतात, आणि तिथेच घोळ होतो. कीवर्ड पाठ केले म्हणून कुणाला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. रेलमधून आठमध्ये जाताना हात क्षणभर अडखळतो की नाही, गाण्यातली पोकळी कळून तो तिथे थांबतो की नाही, नाच असतो तो या जोडांमध्ये. व्हिडिओत नेमका तिथे कट असतो.

या फोटोचा एक पूर्वज आहे, तोही पार्टीतला नाही, कारखान्यातला. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे अमेरिकन दांपत्य. फ्रँकने विटा रचण्याच्या कामातल्या १८ हालचाली ५ च्या आत आणल्या होत्या. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे या दोघांनी कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून, शटर उघडं ठेवून फोटो काढले. दिसली ती ग्लोस्टिकसारखीच पांढरी भेंडोळी. उद्देश एकच, फालतू हालचाल शोधून कापायची. लवकरच त्यांना कळलं, की सलग रेघेत वेळ दिसत नाही. हात कुठे रेंगाळला, कुठे धावला, कुठल्या दिशेने गेला, काहीच नाही. म्हणून त्यांनी दिवा ठरावीक अंतराने लुकलुकता केला. आता रेघेच्या जागी टोकदार तुकडे उमटू लागले. तुकडा लांब म्हणजे हात वेगात, आखूड म्हणजे हळू, आणि टोकावरून दिशा कळायची.

मला याची गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. दिवसभर मी मिलिसेकंद वाचवणारा कोड लिहितो, त्यामुळे गिलब्रेथ माझ्याच बिरादरीचे. त्यांना जी हालचाल वाया गेलेली वाटली असती, तीच जपून वाढवली की फ्रीहँड होतो. तरी रेघ अपुरी आहे हे कळलं ते या हिशेबी माणसांना, नाचाचे फोटो काढणाऱ्यांना नाही.

आणि न्यायालयालाही नाही. न्यू ऑर्लीन्समधल्या स्टेट पॅलेस थिएटरच्या रेव्ह पार्ट्यांवर ड्रग्जवरून खटला चालला. २००१ साली तडजोड झाली, तीत तिथे ग्लोस्टिकवर बंदी आली. २००२ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने ती बंदी थांबवली, पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. एवढ्या वादात काडी ही नशेची खूण आहे का यावर बरीच चर्चा झाली. तिने कुणी नाचत होतं, आणि नाचताना काही शिकत होतं, हे बाजूलाच राहिलं.

आपल्याकडच्या लेझमीला एक सोय आहे, चुकली की रांगेतल्या सगळ्यांना ऐकू येते. ग्लोस्टिक मुकी असते. उजेड डोळ्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा रेंगाळतो आणि तेवढ्यात चूक झाकून टाकतो. त्यामुळे सुधारायचं असेल तर उजेडावर विश्वास ठेवायचा नाही, असं माझं मत आहे. मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढा, पण दिवा लावून आणि रिकाम्या हातांनी. लिक्विड नाचणारे असेच मोकळ्या हातांनी नाचतात आणि त्यांच्या हातात कणभर प्रकाश नसताना रेघ दिसते. मग ताल लावून एकच रेल पाच मिनिटं करा, सगळ्यात हळू जमेल तशी. वेगात सगळं खपतं, हळू करताना कोपर लगेच चुगली करतं.

काळोखात सराव करायचाच असेल तर नवी काडी फोडू नका. आदल्या रात्रीची फ्रीझरमध्ये टाकून ठेवा, थंडीने आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती दुसऱ्या दिवशीही थोडी जळते. उजेड मरतुकडा असतो, शेपूट आखूड पडते, फोटो तर अजिबात चांगला येत नाही. पण कुठला हात अर्धी मात्रा चुकला ते त्या उजेडात बरोबर दिसतं.