बाखचे आर्जव

जोहान सेबास्तियन बाखचे नाव निघाले की जाणती मंडळी त्याच्या अवाढव्य रचनांकडे बोट दाखवतात. मला मात्र त्याची जेमतेम अडीच-तीन मिनिटांची एक चीज फार मोलाची वाटते. 'इश रूफ त्सू दिर, हेर येझू क्रिस्ट' हे तिचे नाव. नावातच ख्रिस्ताला घातलेली हाक आहे.

लूथरने जर्मन भाविकांच्या तोंडी त्यांच्याच भाषेतली सामुदायिक भक्तिगीते दिली. त्या गीतांना कोराल म्हणतात. हे गीत १५३० च्या आसपासचे. शब्द योहान आग्रिकोलाचे मानतात. अशा गीताची चाल घेऊन ऑर्गनवर जी छोटी रचना बांधतात, ती कोराल-प्रील्यूड. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी नव्हे. शेकडो नळ्यांतून वारा खेळवणारे हे अजस्र वाद्य हातांइतकेच पायांनीही वाजवावे लागते.

वायमारच्या दरबारी बाख १७०८ ते १७१७ या काळात ऑर्गनवादक होता. तिथे त्याने एक वही घातली, 'ऑर्गेलब्यूखलाइन'. १६४ गीतांसाठी जागा राखून ठेवली, पण रचना झाल्या अवघ्या ४६. बाकीची पाने कोरीच राहिली. भरलेल्या पानांपैकी एक हे.

वहीतल्या बहुतेक रचनांत चार स्वरधारा आहेत, इथे तीनच. उजव्या हाती गीताची चाल, अंगावर दागिने अगदी मोजके. डाव्या हाताची धारा अखंड झुळझुळत असते. पायांशी एकेक स्वर पुन्हा पुन्हा ठोठावला जातो, दार न उघडणाऱ्या घरासमोर कुणी थांबून राहावे तसा. हवा मिळते तोवर ऑर्गनचा स्वर विरत नाही. म्हणून पायांतली ही थाप मला साधी साथ वाटत नाही. स्वर सहज धरून ठेवता आला असता, तरी बाख तो सोडतो आणि पुन्हा मागतो. वर चाल मात्र तोल सुटू देत नाही. याचना आहे, पण रडगाणे नाही.

नेमके हेच हल्ली हरवत चालले आहे, अशी माझी तक्रार आहे. बुसोनीने ही रचना पियानोसाठी उतरवली आणि ती १८९८ साली प्रसिद्ध झाली. काम मोठ्या अदबीचे आहे, याबद्दल वाद नाही. पण पियानोचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो, आणि तो विरताना ऐकू यावा म्हणून वादक लय ओढत नेतात. १९७२ च्या 'सोलारिस' चित्रपटात तार्कोव्हस्कीने हीच चीज ऑर्गनवरच वापरली. चित्रपट थोर खराच! पण त्यानंतर पुष्कळांच्या मनात ती एकाकीपणाचे पार्श्वसंगीत होऊन बसली.

बाखच्या श्रोत्यांना गीत तोंडपाठ असायचे. शब्द न उच्चारताही ते ऐकू येत. आपल्याकडे सनईवर ओळखीचा अभंग लागला, की ओठ आपोआप हलू लागतात ना, तसेच. लय इतकी संथ केली की एका श्वासात ओळ मावेना, तर गीत उरतच नाही. सुरेख उदासी तेवढी उरते. ती कुणाचीही असू शकते आणि कुणापाशी काही मागत नाही.

ज्यांना ही चीज नवी असेल, त्यांनी ऑर्गनवरचे एखादे न रेंगाळणारे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. वरच्या चालीबरोबर मनातल्या मनात गुणगुणून पाहावे, आणि दुसऱ्या खेपेस कान फक्त पायांतल्या स्वरांकडे ठेवावा. पियानो मग ऐकावा.