मातृभाषेचा रकाना
(हकीम वर्कनेह यांचे चरित्र वाचताना)

दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज तपासताना माझी लेखणी एका रकान्यापाशी अडखळते. तो रकाना मातृभाषेचा. आमच्या सीमाभागात तो वाटतो तितका सोपा नाही. वडील मराठी, आई कन्नड, शेजार उर्दू, अशी मुले जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडतात. काही वर्षांपूर्वी एका पालकाने हा रकाना कोराच सोडला होता. मी त्याला काही न विचारता तिथे 'मराठी' असे लिहून टाकले. मराठी शाळेचा मुख्याध्यापक दुसरे काय लिहिणार? मुलगा त्या वेळी समोरच आईचा हात धरून तिच्याशी कन्नडमध्ये बोलत होता.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिलेले चरित्र वाचताना तो पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. पीटर गॅरेटसन या अमेरिकन इतिहासकाराचा हा इंग्रजी ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. 'अ व्हिक्टोरियन जंटलमन अँड इथिओपियन नॅशनॅलिस्ट' असे त्याचे नाव. चरित्रनायक आहेत इथिओपियाचे पहिले आधुनिक डॉक्टर हकीम वर्कनेह इशेते, ऊर्फ डॉ. चार्ल्स मार्टिन. 'हकीम' हा शब्द आपल्या ओळखीचा. तिकडच्या अम्हारिक भाषेतही त्याचा अर्थ वैद्यच.

या कथेचा आरंभ आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. सम्राट तेवोद्रोस याने ब्रिटिश वकिलाला आणि इतर युरोपियनांना कैदेत टाकले, म्हणून १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी त्याच्यावर स्वारी केली. तिचा सेनापती नेपियर हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती. बरीच गलबते मुंबईहून सुटली आणि बऱ्याच पलटणी याच इलाख्यातल्या होत्या. बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिच्या रणसन्मानांत 'अॅबिसिनिया' हे नाव आजही आहे. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाचा डोंगरी किल्ला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्या डोंगरावरून दोन मुले परमुलखात गेली. एक राजपुत्र अलेमायेहू. त्याला इंग्लंडला नेले. तिथे १८७९ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो वारला आणि विंडसर येथे त्याला पुरले. दुसरा तीन-चार वर्षांचा वर्कनेह. रणधुमाळीत आईवडिलांपासून ताटातूट झालेल्या या पोराला इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात आणले. चार्ल्स चेंबरलेन आणि मार्टिन या दोघांनी त्याचा सांभाळ केला. एकाचे नाव आणि दुसऱ्याचे आडनाव त्याला चिकटले. 'वर्कनेह' म्हणजे 'तू सोने आहेस'. आईबापांनी ठेवलेले हे नाव मागे पडले आणि नावापाठोपाठ भाषाही गेली. मुलगा पंजाबातल्या मिशन शाळेत शिकला, लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८२ मध्ये डॉक्टर झाला आणि पुढे ब्रह्मदेशात सरकारी नोकरीत लागला.

१८९६ मध्ये अडोवाच्या रणात इथिओपियाने इटलीचा पराभव केला. ही वार्ता ऐकून त्यांना मायदेशाची ओढ लागली. १८९९ मध्ये ते आदिस अबाबाला पोहोचले, तेव्हा त्यांना अम्हारिकचा एक शब्दही येत नव्हता. अंगावरच्या जुन्या व्रणांवरून आजीने त्यांना ओळखले. मला वाटते, सबंध चरित्रात याहून मोठा प्रसंग नाही. नातवाला आजीशी बोलायला दुभाषा लागला. आजीला मात्र नातवाची ओळख पटवून घ्यायला भाषा लागली नाही. त्यांनी शहरात तंबू ठोकला आणि रुग्णांना मोफत औषध देऊ लागले.

आता ग्रंथाविषयी. आपल्याकडची चरित्रे पुष्कळदा पाठ्यपुस्तकातल्या थोर पुरुषांच्या धड्यांसारखी असतात. नायक पाळण्यातच देशभक्त असतो. गॅरेटसन यांनी हकिमांच्या दैनंदिनीचा आधार घेतला, त्यामुळे हे भाबडेपण टळले. १९०८ मध्ये ते ब्रिटिश वकिलातीचे डॉक्टर म्हणून इथिओपियात परतले. पगार इंग्रजांचा आणि नाडी स्वकीयांची, असा तो काळ होता. नोकरी संपवून ते कायमचे परतले ते १९१९ मध्ये. हा अवघड भाग चरित्रकार लपवीत नाही, ही या ग्रंथाची मोठी जमेची बाजू.

माझा आक्षेप आहे तो ग्रंथाच्या नावावर. 'व्हिक्टोरियन सद्गृहस्थ' आणि 'इथिओपियन राष्ट्रवादी' या दोन पाट्यांत हे आयुष्य मावत नाही. ज्या भूमीने या माणसाला अक्षर, विद्या आणि पोटापाण्याचा धंदा दिला, त्या हिंदुस्थानाला शीर्षकात जागाच नाही. शीर्षक वाचून असे वाटते की माणूस इंग्रज म्हणून घडला आणि एके दिवशी इथिओपियन झाला. प्रत्यक्षात एक पाटी पुसून दुसरी लिहिली, असे त्यांच्या बाबतीत कधी घडले नाही. लाहोरची विद्या, इंग्रजी शिस्त आणि आजीने ओळखलेले व्रण हे सगळे घेऊनच ते काम करीत राहिले.

ते कामही केवळ औषधाच्या बाटलीपुरते राहिले नाही. १९२५ मध्ये उघडलेल्या तफारी मकोनेन शाळेची व्यवस्था त्यांनी पाहिली. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी ते झटले. चेरचेर प्रांताचे राज्यपाल म्हणून तो प्रांत आदर्श व्हावा यासाठी खपले. ज्याची मातृभाषा बालपणीच हरवली, त्याने ती प्रौढपणी शिकून अम्हारिकमध्ये भूगोलाचे पुस्तक लिहिले. मास्तरकी करणाऱ्या माझ्यासारख्याला राजदूतपदापेक्षा या पुस्तकाचे मोल अधिक वाटते. भाषा गेल्याने काय जाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१९३५ मध्ये इटलीने आक्रमण केले तेव्हा ते लंडनमध्ये राजदूत होते. देश पडला आणि सत्तरी गाठलेल्या या माणसावर दुसऱ्यांदा परागंदा होण्याची वेळ आली. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर हल्ला झाला. त्यानंतरच्या सूडसत्रात सुशिक्षित तरुण वेचून मारले गेले. त्यांत बेंजामिन आणि जोसेफ हे त्यांचे दोन मुलगे होते. विलायतेत शिकवलेली मुले देशाच्या उपयोगी पडावीत, ही बापाची हौस. ते शिक्षणच त्यांच्या जिवावर बेतले. तरीही १९४२ मध्ये वर्कनेह मायदेशी परतले. १९५२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

मातृभाषा मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. उभा जन्म मी ती शिकवण्यात घालवला आहे. पण माणूस कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार रकाना भरणाऱ्याकडे नसतो, हे मला या चरित्राने शिकवले. वर्कनेह माझ्या शाळेत आले असते, तर त्यांच्याही नावापुढे मी न विचारता काहीतरी लिहून मोकळा झालो असतो.

त्या मुलाची रजिस्टरातली नोंद आता बदलता येत नाही. यंदा जूनमध्ये मात्र असाच एक अर्ज आला, तेव्हा मी आईवडिलांना विचारले. दोघांनी दोन भाषा सांगितल्या. रकाना अरुंद होता; बारीक अक्षरात मी दोन्ही लिहिल्या.