ससाणा आणि लावा : ‘पेत्तिक विसय’ या संज्ञेचा अर्थ

संयुत्तनिकायातील ‘सकुणग्घि सुत्त’ आणि 168 वे ‘सकुणग्घि जातक’ यांत ससाणा व लावा यांची एकच कथा आली आहे. आपले क्षेत्र सोडून भटकणारा लावा ससाण्याच्या तावडीत सापडतो. आपण ‘पेत्तिक विसया’त असतो तर हा आपल्याला पुरा पडला नसता, असा विलाप तो करतो. बळाच्या गर्वाने ससाणा त्यास सोडून देतो. नांगरलेल्या शेतातील मोठ्या ढेकळावर उभा राहून लावा त्याला आव्हान देतो. ससाणा झेपावताच लावा ढेकळाआड होतो आणि ससाण्याची छाती ढेकळावर आदळते.

दोन्ही पाठांचा रोख मात्र भिन्न आहे. सुत्तात ससाण्याच्या मृत्यूचा उल्लेख नाही. आघाताशी कथा थांबते आणि उपदेश सुरू होतो. जातकात ससाणा मरतो. तो देवदत्त व लावा बोधिसत्त्व ठरतो. त्यामुळे वाचकाचे लक्ष साधनेकडून शत्रूच्या नाशाकडे वळते. कथा म्हणून जातक अधिक रंगतदार असले, तरी आशयाच्या दृष्टीने सुत्त अधिक नेमके आहे.

खरा प्रश्न ‘पेत्तिक’ या शब्दाचा आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पित्याकडून आलेला’. एवढ्यावरून ‘जन्माने लाभलेल्या पायरीवरच प्रत्येकाने राहावे’ असे तात्पर्य कोणी काढील, तर मूळ पाठ त्यास आधार देत नाही. भगवंतांनी स्वतःच अर्थ स्पष्ट केला आहे : परक्षेत्र म्हणजे पाच कामगुण, स्वक्षेत्र म्हणजे काय, वेदना, चित्त व धम्म यांविषयीची चार सतिपट्ठाने. यात जात, कुळ वा व्यवसाय कोठेच नाही. लगतच्या ‘मक्कट सुत्ता’तही हीच व्याख्या आहे. निदानकथेत शुद्धोदनाने भिक्षाटनास हरकत घेतली, तेव्हा आपला वंश राजांचा नसून बुद्धांचा आहे, असे तथागत सांगतात. त्या प्रकाशात ‘पेत्तिक’ हा रक्ताचा नव्हे, तर धम्माचा वारसा ठरतो.

कथेची रचनाही हेच सांगते. दोन्ही प्रसंगी लावा तोच, ससाणाही तोच. जन्म व बळ यांत तिळमात्र फरक पडलेला नाही. बदलली ती केवळ उभे राहण्याची जागा. ती जागा लाव्याला जन्माने मिळालेली होती. साधकाला मात्र ती स्मृतीच्या अभ्यासाने, प्रत्येक क्षणी नव्याने मिळवावी लागते.