पुतळीच्या मानेवरचा डाख

उरणजवळच्या करंजा गावच्या माझ्या आत्याचा पुतळीहार हातात आला की मी तो आधी उलटा करतो. पुढची लक्ष्मी ठशातून उठलेली. सोनाराचा हात बघायचा तर मागची बाजू बघावी लागते. पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यावरून आली. नाण्याला कडी झाळली, रेशमात ओवलं, की त्याचा दागिना होतो. उरणच्या आगरी-कोळी घरांत सोन्याचा हिशेब तोळ्यांत चालतो. कडीच्या तांदळाच्या कणीएवढ्या जोडाकडे कुणाचं लक्ष नसतं. माझ्या लेखी सगळा हार तिथेच आहे.

भिंगाखाली कडी पुतळीतूनच उगवल्यासारखी दिसते. सांध्यात एक बारीक खोलगट वळण, रंगात तसूभर फरक नाही. हे साधणं कठीण. डाख म्हणजे चांदी-तांबं घालून मुद्दाम हिणकस केलेलं सोनं. दागिन्याच्या आधी तो वितळला पाहिजे. हीण जास्त झालं तर जोड वेगळा उठून दिसतो, कमी पडलं तर डाखाआधी कडीच्या तारेचाच गोळा होतो. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, बावीस कॅरटचं त्याच्या आधी, डाख त्याच्याही आधी. एवढ्याशा फरकात, तोंडातल्या नळीने दिव्याची ज्योत फुंकत, निव्वळ धातूच्या लालीवरून अंदाज घ्यायचा.

सांध्याला सवागी, म्हणजे टाकणखार, लावलेली असते. तापली की ती फुलते, मग काचेसारखी पातळ होऊन हवा अडवते. डाख उष्णतेकडे धावतो. तार चटकन तापते, म्हणून ज्योत पुतळीच्या अंगावर ठेवायची. डाख पाण्यासारखा चमकून सांध्यात शिरला की लगेच काढायची. आणि डाख मोठी फट भरून काढत नाही. कडी आधी घासून नीट बसवलेली नसेल तर पुढचं सगळं फुकट. या कामाचं अर्धं श्रेय मी कानशीला देतो.

एका पुतळीचा जोड मात्र जाड, फिकट, बारीक छिद्रांचा आहे. ती नंतरची दुरुस्ती. तिच्यामुळेच बाकीच्यांची सफाई कळते.

पुढे डाखात कॅडमियम आलं. जोड सोपा झाला, पण त्याचा विषारी धूर कारागिरांच्या छातीत गेला.

तुमच्या घरी असा हार असेल तर मोडीत घालण्याआधी एकदा उलटा करून बघा. मोडीच्या हिशेबात हाच डाख तूट म्हणून वजा होतो.