आपणच खणलेली वाट : 'डिग डग' या खेळाविषयी

(जामनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हाला बाजारात थांबवलं. म्हणाले, "सर, आयुष्यभर शंकराचार्य आन् कांट शिकवला, आन् आता व्हिडिओ गेमवर बोलून राहिले?" (हशा) प्रश्न रास्त आहे. ज्या खानदेशात १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, तिथे तत्त्वज्ञानाच्या माणसाने असल्या विषयात पडावं का? त्याचं उत्तर शेवटी देऊ. आधी आमचीच एक चूक सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही शिकवत होतो त्या महाविद्यालयात नवे संगणक आले आणि त्या खोलीची देखरेख आमच्याकडे आली. कुणीतरी फ्लॉपीवरून 'डिगर' नावाचा खेळ त्यात टाकला. पाचू गोळा करत जमीन पोखरायची, सोन्याच्या थैलीखालची माती काढली की थैली खाली कोसळते, आणि मागे भुतं. पोरं त्यात गुंग. एके दुपारी आम्ही एका मुलाला पकडलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माती उकरायला घरी शेत नाही का?" मुलगा शेतकऱ्याचाच होता. खोली हसली. तो उठला, आणि पुन्हा कधी त्या खोलीत आला नाही. खेळ आम्ही पुसून टाकायला लावला. शिस्त लावली असं तेव्हा वाटलं.

हा 'डिगर' कॅनडातल्या विंडमिल कंपनीचा, १९८३ सालचा. त्याच्या एक वर्ष आधी, १९८२ मध्ये, जपानच्या नामको कंपनीने नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर 'डिग डग' आणला होता. जमीन पोखरण्याच्या खेळांमधला हा थोरला. जुन्या खेळांच्या संग्रहांत तो आजही मिळतो आणि खेळला जातो. आम्ही तो सत्तरीनंतर, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलो तेव्हा, नातीकडून शिकलो. "आबा, उगाच खणू नका, आधी बघा," हा तिचा पहिला धडा.

खेळ साधा आहे. पडद्यावर जमिनीचा उभा छेद, मातीचे चार रंगांचे चार थर. तुमचा गडी वरून खाली उतरतो. जमिनीत छोट्या बंद पोकळ्या आहेत आणि त्यांत दोन जातीचे राक्षस. एक लाल, गोल, चष्मेवाला, तो पूका. दुसरा हिरवा, आडवी आग ओकणारा, तो फायगार. तुमच्या हातात पंप. राक्षसाला नळी लावायची, चारदा हवा भरायची, तो फुगून फुटतो. मध्येच थांबलात तर तो हळूहळू ओसरून पुन्हा अंगावर येतो. शिवाय जमिनीत काही दगड आहेत. खालची माती काढली की दगड क्षणभर डळमळतो आणि पडतो.

एवढ्याशा गोष्टीत चाळीस वर्षं टिकण्यासारखं काय आहे?

शेजारी त्याच कंपनीचा १९८० सालचा 'पॅक-मॅन' ठेवून बघा. तिथे चक्रव्यूह आधीच बांधलेला आहे. तुम्ही त्यात पळता, पण भिंतीवर तुमचा ओरखडाही उमटत नाही. १९८३ चा 'लोड रनर' घ्या. त्यात खणता येतं, पण खड्डे थोड्या वेळाने आपोआप भरतात. 'डिग डग'मध्ये खणलेलं बुजत नाही. सुरुवातीला चक्रव्यूह नसतोच, तो तुम्ही करता. आणि ज्या वाटेने तुम्ही गेलात, त्याच वाटेने राक्षस तुमच्याकडे येतात. त्यांच्या बंद पोकळीला तोंड कुणी पाडलं? तुम्हीच.

आमच्या मते या खेळाची सगळी ओढ इथे आहे. इतर खेळांत संकट बाहेरून येतं. इथे पाच मिनिटांपूर्वी सहज, विचार न करता मारलेला एक आडवा बोगदा आता तुमच्या गळ्याशी येतो. हरल्यावर यंत्राला शिव्या देता येत नाहीत, कारण नकाशा तुमच्याच हातचा असतो. कर्म आणि फळ हा विषय आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवला. तो इतक्या थोडक्यात आम्हालाही कधी मांडता आला नाही.

कुणी म्हणेल, मग कमीत कमी खणावं, मातीआड सुरक्षित बसावं. तसं जमत नाही. राक्षस भूत होऊन, नुसते दोन डोळे उरून, मातीतूनही सरकत येतात. मातीची भिंत रक्षण करत नाही, फक्त थोडा वेळ देते. म्हणजे न खणणं हीसुद्धा एक निवडच, आणि तिचंही फळ आहे.

आता खेळातली सगळ्यात उंच जागा सांगतो. पंपाने राक्षस मारणं हे नवशिक्याचं काम. दगडाखाली एक राक्षस चिरडला तर १००० गुण, दोन एकदम चिरडले तर २५००. पण राक्षस दगडाखाली येणार कसे? त्यासाठी उभा बोगदा खणायचा, दगडाच्या खाली थांबायचं आणि त्यांना आपल्या मागे येऊ द्यायचं. आपणच आमिष व्हायचं. शेवटच्या क्षणी बाजूला सरायचं, आणि दगड त्यांच्यावर. जी वाट तुमचा घात करू शकते तीच तुमचं हत्यार होते. आम्हाला हे पहिल्यांदा साधलं तेव्हा आम्ही ओरडलो. स्वयंपाकघरातून मंडळी धावत आली, गुडघा पुन्हा गेला की काय म्हणून. (हशा)

आणखी एक गोष्ट, संगीताची. युरिको केइनो या बाईंनी ते केलं. त्यांना पावलांचा आवाज करायला सांगितलं होतं, त्यांनी धून दिली. गडी चालतो तोवर ती वाजते. तो थांबला की धूनही थांबते. परिणाम असा की विचार करायला थांबलात की एकदम शांतता पसरते, आणि त्या शांततेत राक्षस मात्र चालतच असतात. विचाराला लागणारा वेळ फुकट नसतो, हे कानाला कळतं.

स्तुती पुरे. टीकाकाराचं दुसरं कामही करायला हवं.

पहिला आक्षेप, ते राक्षस आपापल्या पोकळीत बसले होते. घुसलो आपण. खेळ हा प्रश्न कधी विचारत नाही. फुगवून फोडणं गमतीचं दिसतं, म्हणून तो आपल्यालाही पडत नाही. शेवटचा उरलेला राक्षस तर लढत नाही, वरच्या कोपऱ्याकडे पळत सुटतो. त्याच्या मागे धावताना आम्हाला दरवेळी थोडी लाज वाटते.

दुसरा आक्षेप आमच्या मातीतला आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी विहीर खणायला घेतली. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पहार, टिकाव, सुरुंग. खणण्यापेक्षा जास्त श्रम निघालेला गाळ वर काढण्यात जातात, हे विहिरीवर राबलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. चाळीस फुटांवर पैसे संपले, पाणी लागलं नाही. मुरमाचा तो ढीग बांधावर कित्येक वर्षं तसाच होता. 'डिग डग'मध्ये खणलेली माती जाते कुठे? नाहीशी होते. दोन दगड पाडले की मधोमध एक भाजी उगवते, आधी गाजर आणि पुढे चक्क वांगंही, भरताच्या मुलखाला शोभेल असं. (हशा) राक्षस संपले की फेरी संपते, आणि पुढच्या फेरीत जमीन पुन्हा अखंड. आपल्या तालुक्यात बोअर किती खोल गेले ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याला नवी फेरी मिळत नाही. खेळ वाटेचा हिशेब चोख ठेवतो, पण मातीचा ठेवत नाही. हे त्याचं उणेपण आहे, आणि कदाचित त्याची भुरळही त्यातच असेल. जिथे अखंड जमीन दरवेळी परत मिळते अशी जागा कुणाला नको आहे?

अजिंठा इथून जवळच आहे. पुढच्या वेळी गेलात की २४ क्रमांकाचं अपुरं लेणं नीट बघा. लेणं वरून खाली कोरत जातात, काढलेला दगड परत बसत नाही. त्या कारागिराला आणि त्या पोराला एकच गोष्ट ठाऊक असावी लागते, पहिला घाव कुठे घालायचा.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचं उत्तर. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ग्रंथात खेळाची व्याख्या केली, तिचा सारांश असा की गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न म्हणजे खेळ. आपणहून, हा शब्द महत्त्वाचा. त्या दुपारी त्या मुलाला आम्ही घरच्या शेताची आठवण दिली. तिथली माती तो गरजेपोटी उकरत असणार. संगणकावरची तो आपणहून उकरत होता, आणि तिथे चुकण्याची किंमत फक्त एक फेरी होती. गरिबाच्या पोराला फुकट चुकता येईल अशी जागा किती ठिकाणी मिळते? आम्ही ती पुसून टाकली.

तो मुलगा आज पन्नाशीला आला असेल. आम्ही तेव्हा त्याला विचारायला हवं होतं, "बाळा, दाखव बघू, कसं खणतोस." ते विचारायला आम्हाला तीस वर्षं लागली, आणि विचारलं ते नातीला. त्याची माफी मागायची राहिली, ती आज इथे मागतो.