रांगेतला ‘मी’ आणि शेतातला ऊस

महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. हे अंक निघतात, स्नेहसंमेलनाच्या आसपास वाटले जातात आणि पुढे ग्रंथालयाच्या तळकप्प्यात जाऊन पडतात. त्यांत वाङ्मय असते असे म्हणायचे धाडस त्यांचे संपादकही करीत नाहीत. तरी गेली दोन वर्षे मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले असे अंक मिळतील तेवढे वाचते आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले आणि हे दोन्ही जिल्हे एका छत्राखाली आले. (आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे भांडण त्यानंतरही चालू राहिले, ते सोडा.) या अंकांतल्या कविता मी बाजूला ठेवल्या. मला हवी होती ती स्फुटे: एक-दोन पानांची, ‘मी’ने सुरू होणारी, पाऊस, सरकार, झाडे, निवडणूक, गावची नदी असे सुचेल त्यावर लिहिलेली. वीस वर्षांचा माणूस परीक्षेसाठी नव्हे, तर आपले आपण काय विचार करतो, हे पाहायला आमच्या भागात याहून चांगली जागा नाही.

या ढिगात एक स्फुट माझेही आहे. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

२०१६च्या उन्हाळ्यात मी लातूरला शिकायला होते. मांजरा धरण आटले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू झाली. पाण्यासाठी कलम १४४, हे आधी ऐकले नव्हते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका फेरीत पंचवीस लाख लिटर, आणि ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून चालत आमच्या घागरीत आले. यावर मी लिहिले. खोलीतल्या आम्ही चौघींनी एक बादली पाणी चार कामांना कसे पुरवले, पहाटे चारला टँकरचा आवाज ओळखायला कान कसे शिकले, पुढाऱ्यांनी पाण्याच्या फलकांवर स्वतःचे फोटो कसे लावले, असे सगळे त्यात होते. बक्षीसही मिळाले.

अंक घेऊन गावी गेले. दादांनी, म्हणजे वडिलांनी, तो अंगणात बसून बोट फिरवत वाचला. मग म्हणाले, “समदं लिहिलीस बाई. आपला ऊस तेवढा लिहायचा राहिला की.”

तो राहिला नव्हता, मी तो वगळला होता. त्या हिवाळ्यात गावात टँकर सुरू झाला होता, माय घागर घेऊन रांगेत उभी राहत होती आणि आमच्या शेतातले बोअर रात्री लाइट आली की एकरभर खोडव्याला पाणी देत होते. मार्च संपता संपता बोअर आटले, ऊस वाळला, चाऱ्याला गेला. माझ्या स्फुटातला ‘मी’ फक्त रांगेत उभा होता. शेतात तो कधी गेलाच नाही.

हे एकटे माझे पाप असते तर लेख लिहायची गरज नव्हती. पण अंक वाचत गेले तसा हा ‘मी’ पुन्हा पुन्हा भेटू लागला. तो नेहमी सोसणारा असतो. त्याची भाषा चटकन ओळखू येते, कारण तिला कर्मणी प्रयोगाचा सोस आहे. झाडे तोडली गेली, नदी संपवली गेली, पाणी पळवले गेले. कोणी? वाक्य सांगत नाही. कर्ता आलाच तर तो इतका मोठा असतो की त्याला कुठल्याच गावात घर नसते: ‘माणसाने निसर्गावर अत्याचार केले’, ‘शासन झोपले आहे’. ‘माणूस’ आणि ‘शासन’ या दोन शब्दांमध्ये आपली सोसायटी येते, कारखाना येतो, बाजार समिती येते, चुलते येतात, वडील येतात. ती सगळी जागा या लेखनात मोकळी आहे. राजकारण दिल्लीत आणि मुंबईत चालते, पर्यावरण अॅमेझॉनच्या जंगलात असते आणि गावात असतात ती फक्त दुःखे.

याचा थोडा दोष अनुक्रमणिकेलाही द्यावा लागेल. या अंकांत ‘ललित’ वेगळे आणि ‘वैचारिक’ वेगळे. पाऊस ललितात, पीकविमा वैचारिकात. पाण्याची रेल्वे यांपैकी कुठे बसवायची? माझे स्फुट ललितात छापले होते. ही वाटणी विद्यार्थ्यांनी शोधलेली नाही, ती आपण वाचकांनी त्यांना दिली. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६चे. बारा महिन्यांचे ते लेखन निसर्गाकडे पाहायला शिकवणारे म्हणून वाचले जाते आणि तसे ते आहेही. त्याच दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या. आपण या दोन दुर्गाबाई दोन वेगळ्या तासांना शिकवतो. फुलाकडे निरखून पाहणारी नजर आणि सत्तेकडे निरखून पाहणारी नजर एकाच बाईची होती, हे वर्गात कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

मग उदाहरणे शोधायची कुठे? मी आधी घराजवळ पाहिले.

नांदेडमध्ये पहिले नाव अर्थातच नरहर कुरुंदकरांचे (१९३२-१९८२). इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला हा विद्यार्थी पुढे शाळामास्तर झाला आणि नंतर पीपल्स कॉलेजचा प्राचार्य. त्यांच्या लेखनात पर्यावरण शोधायला जाणे चुकीचे ठरेल. तो शब्द तेव्हा आजच्या अर्थाने राजकीय झालेला नव्हता. मला त्यांच्याकडून हवी होती ती एक सवय. ‘जागर’मधले राजकीय लेख वाचताना जाणवते की हा माणूस विरोधकाची उलटतपासणी करतोच, पण आपल्या बाजूच्या लोकांना तो अधिक अडचणीत आणतो. ज्यांच्याबरोबर उठबस, ज्यांच्या व्यासपीठावर भाषण, त्यांच्याच गृहीतांना आधी हात. नांदेडात कुरुंदकरांच्या नावाने भाषणे पुष्कळ होतात. ही सवय मात्र त्या भाषणांतून पुढच्या पिढीत उतरलेली दिसत नाही. त्यांचा बिनतोड युक्तिवाद उतरला, स्वतःच्या घरावरचा संशय उतरला नाही.

लातूरला अतुल देऊळगावकर आहेत. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३, पहाटे, गणपती बुडवून माणसे नुकती झोपलेली) ज्या पिढीने पाहिला, तिच्यासाठी त्यांचे ‘डळमळले भूमंडळ’ महत्त्वाचे आहे. पुढच्या लेखनातही त्यांनी पर्यावरण आणि राजकारण यांच्यात भिंत घातली नाही. विज्ञान, धोरण, संगीत, कविता एकाच लेखात शेजारी बसू शकतात हे मराठी वाचकाला त्यांनी पटवून दिले. माझी तक्रार लहान आहे. त्यांच्या लेखनातला ‘मी’ सभ्यपणे बाजूला उभा राहतो आणि शास्त्रज्ञांना, कार्यकर्त्यांना पुढे करतो. पत्रकाराला ते शोभते. पण विद्यार्थी त्यांचे अनुकरण करू जातो तेव्हा त्याच्या हाती शास्त्रज्ञांची नावे तेवढी लागतात, आणि बाजूला उभे राहणे ही त्याची सोय होते.

देऊळगावकरांचेच ‘ग्रेटाची हाक : तुम्हाला ऐकू येतेय ना?’ अलीकडे विद्यार्थ्यांच्या स्फुटांत वारंवार डोकावते. ऑगस्ट २०१८मध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग स्टॉकहोमला संसदेबाहेर बसली, ही गोष्ट मुलांना मनापासून आवडते. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात, जिथे एक तास बुडाला तर वैद्यकीय प्रवेश बुडाला असे मानतात, तिथे शाळेचा संप ही कल्पनाच मोहक आहे. पण संसदेबाहेर बसण्याआधी ग्रेटाने वाद घातला तो घरात. आई ऑपेराची गायिका, देशोदेशी कार्यक्रम. या मुलीच्या हट्टापायी तिने विमानप्रवास सोडला. ही बाजू आमच्या स्फुटांत येत नाही. फलक येतो, संसद येते, आई येत नाही.

खरे तर हे धैर्य आमच्या कथा-कादंबरीत आहे. लातूरजवळच्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) गावातल्या शिंप्याचे उद्ध्वस्त होणे त्याच्या बायकोच्या तोंडून सांगते. सांगणारी घरातलीच असल्यामुळे बदलत्या काळाचा फटका जितका दिसतो, तितकाच नवऱ्याचा ताठाही दिसतो आणि तरी तिची माया कमी होत नाही. म्हणजे आमच्या बोलीला हे जमते. निबंधाच्या प्रमाण भाषेत शिरलो की आम्ही घरातले सांगायचे थांबतो.

आता उसाबद्दल. कारण घरातले सांगायचे म्हणजे वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, असा अर्थ कोणी काढील, आणि तो माझ्या स्फुटाइतकाच खोटा असेल. महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रातला अगदी थोडा भाग उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा तोच पितो, हे आता कोणीही सांगेल. दादांनाही ते ठाऊक आहे. पण सोयाबीनचा भाव काढणीच्या तोंडावर पडतो, तुरीचा भाव कोणाच्याच हातात नसतो आणि उसाला एफआरपी आहे. दर ठरलेला, खरेदीदार ठरलेला, नोंद झाली की टोळी येते, पैसे उशिरा का होईना खात्यात येतात. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. माझी वसतिगृहाची फी उसाच्या बिलातून गेली. कारखाना काढणारे, परवाना देणारे, रात्री लाइट सोडणारे आणि एकरभर खोडवा जगवणारे यांची जबाबदारी सारखी नाही, आणि ती किती असमान आहे हे मोजून दाखवणे हेच तर राजकीय लेखन. पण मोजायला बसायचे तर आपला एकर आधी मांडावा लागतो. मी तो लपवला, म्हणून पुढाऱ्यांच्या फलकांवरचे माझे सगळे शेरे हलके झाले. दादांना ते एका वाचनात कळले. परीक्षकांना कळले नाही.

सध्या मी नांदेडला तासिका तत्त्वावर शिकवते आणि अंकाच्या संपादनात मदत करते. यंदा एका विद्यार्थ्याने गोदावरीवर स्फुट दिले. सुरुवात नेहमीची: आजी, घाट, कार्तिकातले दिवे. दुसऱ्या पानावर वाळू आली. रात्रीचे ट्रॅक्टर, पात्रातले खड्डे, त्यांत बुडालेली जनावरे. इथपर्यंतही असे लेख मी वाचले होते. मग एक ओळ आली, की त्यांतला एक ट्रॅक्टर माझा भाऊ चालवतो आणि माझी फी तो भरतो. पुढे लगेच पुन्हा नदी. ती ओळ लिहिताना अक्षर बारीक झाले होते.

माझ्या सगळ्या प्रतिपादनाला मिळालेला हा पुरावा, म्हणून मी आनंदी व्हायला हवे होते. मी घाबरले. उसाची कबुली आणि वाळूची कबुली एक नव्हे. ऊस लावणे गुन्हा नाही. गावात कोणाचा भाऊ, कोणता ट्रॅक्टर, हे सांगायला नाव लिहावे लागत नाही. ‘शेतातला ऊस सांगा’ असा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारखीला या धोक्याचा हिशेब कधी करावा लागला नव्हता, कारण माझ्या कबुलीची किंमत फार तर दादांच्या एका वाक्याएवढी होती. कर्मणी प्रयोगाला मी भित्रेपणा म्हणत आले. काही घरांत तो आडोसाही असतो, हे त्या दिवशी कळले.

मी त्या मुलाला बोलावून विचारले, ही ओळ काढायची का? “भाऊ” ऐवजी “गावातले कोणी” केले तरी चालेल, असेही सुचवले. म्हणजे मीच त्याला ‘माणूस’ आणि ‘शासन’ यांच्या वाटेवर नेत होते. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. म्हणाला, “मॅडम, मग ते माझं कसं राहील?” आणि थोड्या वेळाने, “भावाला विचारून सांगतो.”

अजून सांगितलेले नाही. अंक मार्चमध्ये निघायचा आहे. ओळ जागेवर आहे, शेजारी माझे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह आहे.