आधी जवारी, मग भोपळा : बेंजोच्या पेडलांचा क्रम

गिटारच्या पेडलांवर पलूसमध्ये बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, गिटार कुठाय? गिटार आपल्या भागात फारशी नाही, हे खरंच आहे. पण पेडलं आहेत. ती बेंजोवाल्याच्या पायाशी आहेत, टेम्पोच्या हौद्यात आहेत, वरातीच्या गाडीवर पाण्याच्या बाटल्यांशेजारी पडलेली आहेत. गिटारसाठी बनवलेली पेटी बेंजोला जोडली जाते आणि तिच्यातून निघालेला आवाज भोंग्यातून गावभर जातो. तरीही या आवाजाबद्दल टीका म्हणून कुणी काही बोलत नाही. शास्त्रीय गायकाच्या तंबोऱ्याचा जोड थोडा हलला तर आपण अर्धा तास बोलतो. बेंजो वाजला की एकतर नाचतो, नाहीतर खिडकी लावून घेतो. आम्हाला आज या दोन्हींच्या मधे थांबून ऐकायचं आहे.

आधी वाद्य कुठलं ते स्पष्ट करू. आपला बेंजो म्हणजे अमेरिकेतला, चामडं ताणलेला बॅंजो नव्हे. त्याचा पूर्वज जपानी आहे. नागोया शहरात 1912 साली मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य केलं. तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. ते भारतात आलं, बुलबुलतरंग झालं, आणि तारांखाली पिकअप बसल्यावर आपल्या मिरवणुकीतला बेंजो झालं. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. मींड जवळपास नाही, कारण प्रत्येक स्वराची जागा बटणाने बांधलेली. स्वर लांबवायचा तर नखीने भराभर छेडायचं, दुसरा मार्ग नाही. म्हणूनच बेंजोवाल्याला पेडलाची गरज गिटारवाल्यापेक्षा जास्त आहे असं आमचं मत आहे. गिटारवाल्याच्या बोटात जे असतं ते याला पेटीतून आणावं लागतं.

आता क्रम. मोबाइलवर एक तक्ता सगळीकडे फिरत असतो : आधी कॉम्प्रेसर, मग वाह, मग ओव्हरड्राइव्ह, मग कोरस वगैरे, मग डिले म्हणजे आपला इको, आणि शेवटी रिव्हर्ब. तक्ता चुकीचा नाही. पण तो का बरोबर आहे हे कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे तो कधी लागू पडत नाही हेही कळत नाही.

क्रमाला अर्थ असतो हे आपल्या भागात वेगळं शिकवायला नको. कृष्णेवरून पाणी उचलणारा कुठलाही शेतकरी फूट व्हॉल्व्ह नळाच्या तळाशी, पाण्यात बसवतो. तोच व्हॉल्व्ह वर शेताजवळ नेऊन बसवला तर सामान तेच, खर्च तोच, आणि पंप पाणी सोडून देणार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली इथून जवळच वसाहत उभी केली. तिथल्या पंपांबरोबर वाढलेल्या मुलुखाला आम्ही हे काय सांगावं! एकामागे एक लावलेले दोन पंप पाणी उंच चढवतात, शेजारी-शेजारी लावलेले पाणी जास्त देतात. आवाजाचंही तसंच आहे. शेजारी-शेजारी लावण्याकडे शेवटी येऊ.

खरा दाखला मात्र मिरजेचा आहे. किर्लोस्करवाडीला गाडीत बसलं की तीच रेल्वे मिरजेला नेते. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याकडे सिग्नल चेन म्हणून बघा. तार छेडली की ती पहिल्यांदा घोडीवरच्या जवारीला घासते. जवारीचं काम काय? साध्या स्वराला खरवडून त्यातून वरचे स्वर बाहेर काढायचे. मग तो खरवडलेला, भरलेला स्वर तबलीत आणि भोपळ्यात जातो आणि तिथे घुमतो. म्हणजे आधी स्वर फोडायचा, मग घुमवायचा. ओव्हरड्राइव्ह आधी आणि रिव्हर्ब नंतर, हा तक्ता मिरजेच्या कारागिरांनी लाकडातच कोरून ठेवलेला आहे. उलटं करता येत नाही, म्हणून तिथे कुणी चुकत नाही. पेटीत मात्र उलटं करता येतं.

उलटं केल्यावर काय होतं ते आकड्यात पाहू. सा 220 हर्ट्झला धरा. पंचम झाला 330. हे दोन स्वर एकाच वेळी ओव्हरड्राइव्हमध्ये गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. 330 वजा 220 म्हणजे 110, हा खालच्या सप्तकातला सा. कानाला गोड, आवाज भारदस्त. आता शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम घ्या, 275 आणि 293. फरक 18. हा स्वर नव्हे, ही गुरगुर. इको आधी ठेवला आणि ओव्हरड्राइव्ह नंतर, तर नेमकं हेच होतं : मध्यम वाजवताना मघाच्या गंधाराचा इको अजून जिवंत असतो, दोघे मिळून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतात आणि चाल चिखलात जाते. ओव्हरड्राइव्ह आधी असेल तर गंधार वेगळा फुटतो, मध्यम वेगळा फुटतो, इको फक्त त्यांच्या सावल्या पाडतो. सावल्या एकमेकींवर पडल्या तरी चालतं.

यात बेंजोची स्वतःची एक अडचण आहे. त्याच्या साथीच्या तारा सतत वाजत असतात, म्हणजे इको नसतानाही दोन स्वर पेटीत जातातच. म्हणून गिटारला शोभणारं जाड डिस्टॉर्शन बेंजोला शोभत नाही. थोडंसं ओव्हरड्राइव्ह, तेही साथीच्या तारा हलक्या ठेवून. आणि कॉम्प्रेसर? तक्त्यात तो पहिला आहे. पण कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळाच आवाज वर उचलतो, त्यामुळे लहान आवाज पुढे येतात. बेंजोतला लहान आवाज कुठला? बटण तारेवर आपटल्याची खटखट. ती पुढे येऊन बसते. आम्ही ऐकलेल्या कितीतरी पार्ट्यांमध्ये चालीच्या जोडीला टाइपरायटर वाजत असतो, त्याचं कारण हे. वादकाचा हात वाईट नसतो. नाव मात्र त्याचं खराब होतं.

थोडं नागीनबद्दल, कारण ती धून नसेल तर वरात पुढेच सरकत नाही. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन ही बीन नव्हती, कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढलेला आवाज होता. म्हणजे पुंगीची नक्कल क्लॅव्हायोलिनने केली, आणि बेंजो नक्कल करतो ती क्लॅव्हायोलिनची. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही, मजा वाटते. पण त्या आवाजाचा जीव स्वर थरथरण्यात आहे. ती थरथर इकोच्या आधी हवी, म्हणजे प्रत्येक सावली स्वतःची थरथर घेऊन जाते. इकोनंतर लावली तर नवा स्वर आणि जुने स्वर सगळे एकाच वेळी डुलतात, आणि नागाऐवजी बोट लागल्यासारखं होतं.

आता तक्ता जिथे कोसळतो तिथे येऊ. तक्ता लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की शेवटचा अॅम्प्लिफायर स्वच्छ आहे, खोली शांत आहे. आपल्याकडे शेवटी काय असतं? टेम्पोवरचा अॅम्प, पूर्ण पिळलेला, आणि त्याला भोंगे. पिळलेला अॅम्प म्हणजे आणखी एक डिस्टॉर्शन. आणि ते कुठे बसलंय? इकोच्या नंतर! तुम्ही पेटीत कितीही शहाणा क्रम लावा, गाडीवर तो आपोआप उलटा होतो. गंधार-मध्यमाची तीच गुरगुर, आता मोठ्या आवाजात. चांगल्या तयारीची पार्टी घरच्या तालमीत सुरेख वाजते आणि रस्त्यावर कळत नाही, याचं मोठं कारण आमच्या मते हेच आहे. त्यावर पार्टी काय करते? आवाज आणखी वाढवते. मग डॉल्बीशी स्पर्धा, आणि त्या स्पर्धेत बेंजो हरणारच. सुपारी जाते ती तिथे. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. ती मर्यादा डॉल्बीने कधीच ओलांडलेली असते, तिथे बेंजोने आणखी भर घालून काय मिळवायचं?

उपाय आवाज वाढवण्यात नाही, शेवटची पायरी मोकळी ठेवण्यात आहे. अॅम्प थोडा खाली. ओव्हरड्राइव्हच्या आधीच खालचे स्वर कापायचे, भोंग्याला ते तसेही झेपत नाहीत. रिव्हर्ब तर सरळ बंद, कारण तो रस्ता देतो. समोरची भिंत 17 मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन 34 मीटर चालतो, म्हणजे साधारण 100 मिलिसेकंदांनी परत येतो. हे साखळीतलं शेवटचं पेडल, त्याला बटण नाही. पेठेच्या बोळात ते एक असतं, मोकळ्या चौकात दुसरं. चांगला वादक चौकात आल्यावर इको किंचित वाढवतो आणि बोळात उतरवतो. हे आम्ही ऐकलंय, आणि ऐकताना दाद द्यावीशी वाटली.

इकोची वेळ हाही असाच दुर्लक्षित भाग. मिनिटाला 120 ठोके असतील तर एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. इको तिथे लावला की तो ताशाच्या मापात बसतो. मिरवणूक रंगली, लय 132 वर गेली, ठोका झाला 455 चा. इको अजून 500 वर. आता तो प्रत्येक ठोक्याला 45 मिलिसेकंद मागे पडतो आणि ताशेवाला बेंजोवाल्याकडे रागाने बघायला लागतो. पायाने ठोका देऊन वेळ बदलता येणारं पेडल असेल तर ते घ्यावं. नाहीतर इको इतका आखूड ठेवावा की मापाचा प्रश्नच येऊ नये.

उलट्या क्रमाचं एक चांगलं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर आम्हीच नवा तक्ता चिकटवला असं होईल. घुमारा आधी आणि फझ नंतर, असा क्रम परदेशात काही गिटारवादकांनी मुद्दाम वापरला, आणि त्यातून धुक्यासारखा आवाज उभा केला. आपल्याकडे वरात सुटण्याआधी बेंजोवाला देवाचं एखादं संथ वाजवतो, ढोल अजून गप्प असतो. तिथे स्वर लांब आहेत, गंधारावरून मध्यमावर जायची घाई नाही. तिथे हा क्रम शोभतो. ढोल सुरू झाला की मात्र बदलायला हवा, आणि मल्टिइफेक्टमध्ये दोन क्रम दोन नंबरांवर साठवता येतात, एवढ्याचसाठी ती पेटी वेगवेगळ्या पेडलांपेक्षा बेंजोला सोयीची आहे.

आता ते शेजारी-शेजारी लावण्याचं. बेंजोची तार दोन वाटांनी न्या. एक वाट कोरडी, पेडलाशिवाय, सरळ एका भोंग्याला आणि त्याच्या स्वतंत्र अॅम्पला. दुसरी पेडलांतून, दुसऱ्या अॅम्पला. इको आणि नवा स्वर एकाच पिळलेल्या अॅम्पमध्ये भेटतच नाहीत, ते भेटतात हवेत, आणि हवेत गुरगुर तयार होत नाही. खर्च एका जादा अॅम्पचा. दोन्ही वाटा एकाच जनरेटरवर असल्या तर 50 हर्ट्झची घूं ऐकू येऊ शकते, म्हणून जोडणी आदल्या दिवशी करून बघायची, वरातीच्या दारात नाही. कोरडा भोंगा पुढच्या बाजूला, नाचणाऱ्यांकडे. ओला मागे, बायका-म्हाताऱ्यांकडे, जरा कमी आवाजात.